बॉयलररूममधील धूळ आणि निवृत्तिवेतनाची फाइल

प्रशासनात काही प्रकरणे अशी येतात की त्यांत नियम चुकलेला नसतो, अधिकारी चुकलेला नसतो, टिपणीही मुद्देसूद असते, आणि तरीही अंतिम निर्णय वाचून मन खट्टू होते. अशाच एका प्रकरणाविषयी आज लिहीत आहे. प्रकरण माझ्या कार्यालयातले नाही, आमच्या गावच्या शेजाऱ्यांचे आहे. आरंभीच सांगून ठेवतो की येथील मते सर्वस्वी माझी आहेत. मी ज्या सेवेत आहे तिचा किंवा कोणत्याही मंत्रालयाचा त्यांच्याशी संबंध जोडू नये.

तात्या १९६४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी नौदलात भरती झाले. आज ज्याला आपण सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतो त्या भागातील खेड्यांतून त्या काळी अनेक मुले ‘बोटीवर’ जात, त्यांतलेच ते एक. स्टोकर म्हणून लागले, पंधरा वर्षे भरली, निवृत्तिवेतन पदरात पडले आणि १९७९ मध्ये ते गावी परतले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. पुढची चाळीस वर्षे त्यांनी नारळ-पोफळीची बाग राखली. नोकरीचा बराचसा काळ इंग्रजांकडून घेतलेल्या एका युद्धनौकेच्या बॉयलररूममध्ये गेला होता. नौकेचे नाव मुद्दाम देत नाही.

त्या बॉयलररूमचे वर्णन त्यांच्याकडून मी लहानपणी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. वाफेच्या नळ्यांवर जाड पांढरा लेप असे. सांधा गळू लागला की तो लेप हातोडीने फोडायचा, सांधा आवळायचा, मग बादलीत पांढरी पूड पाण्यात कालवून हातानेच नवा लेप थापायचा. “पिठाच्या गिरणीवाल्यासारखे दिसायचो आम्ही,” ते हसून सांगत. झोपण्याच्या जागेवरूनही अशाच नळ्या गेलेल्या असत, आणि तोफा डागल्या की वरून पूड अंथरुणावर पडे. ती झटकायची आणि झोपायचे.

२०१९ मध्ये त्यांना धाप लागू लागली. फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठले होते. मुंबईच्या एका रुग्णालयात तुकडा काढून तपासला, तेव्हा मेसोथेलिओमा हे निदान झाले. मला त्यांनी फोनवर विचारले, “अरे, डॉक्टर विचारतात, तुम्ही ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होता का? मी म्हटले, मी कारखाना पाहिलादेखील नाही. मी तर नेव्हीत होतो.” नऊ महिन्यांत ते गेले. हयातीतच त्यांनी हा रोग सेवेशी निगडित मानावा असा अर्ज केला होता. उत्तर आले की, उपलब्ध सेवा-अभिलेखांत ॲस्बेस्टॉसच्या संपर्काची कोणतीही नोंद आढळत नाही. सबब विनंती मान्य करता येत नाही.

उत्तर खरे होते. नोंद नव्हतीच. ती कोणी करायची होती, हा प्रश्न मात्र त्या पत्राने विचारला नाही, आणि माझा सारा लेख त्या एका प्रश्नाभोवती आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावरील वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेत ॲस्बेस्टॉस कोठे नव्हते, हे सांगणे अधिक सोपे. बॉयलर, टर्बाइन, वाफेच्या नळ्या, गॅस्केट, विजेच्या तारांची वेष्टने, आगरोधक पडदे, हातमोजे, सगळीकडे ते होते. ते स्वस्त होते, हलके होते, जळत नव्हते. ब्रिटिश नौदलात तर निळ्या ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे त्यातील सर्वांत घातक प्रकाराचा, फवारा भिंतींवर मारला जाई. व्यापारी जहाजांतही हा पदार्थ होताच. पण युद्धनौकेत माणसे दाटीने राहतात, दारे-खिडक्या मोकळ्या नसतात आणि दुरुस्ती भर समुद्रात, तेथल्याच हवेत होते.

धोका ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. मेरवेदर आणि प्राइस यांचा ॲस्बेस्टॉस कामगारांवरील अहवाल १९३० चा. त्यावर आधारित ब्रिटिश नियम १९३१ चे. पण ते नियम ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांसाठी होते. १९४६ मध्ये अमेरिकन नौदलासाठी जहाजे बांधणाऱ्या गोद्यांतील नळ्यांवर आवरण चढविणाऱ्या १,०७४ कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत ॲस्बेस्टॉसिसचे अवघे तीन रुग्ण निघाले आणि हे काम धोक्याचे नाही असा निष्कर्ष काढला गेला. आता गंमत पाहा. (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही.) त्या तिघांनीही वीस वर्षांहून अधिक काळ हे काम केले होते, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांची दहा वर्षेदेखील झालेली नव्हती. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावे की आंबा लावून दुसऱ्या वर्षी फळे मोजली तर झाड वांझ ठरेल. पुढे बराच काळ हा निष्कर्ष दिलासा म्हणून वापरला गेला.

१९६० मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातील मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण प्रसिद्ध केले. १९६८ मध्ये डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीतील डॉ. हॅरीस यांनी जहाजांवरील जुना लेप काढताना हवेत किती धूळ उडते त्याची मोजमापे मांडली. तात्या तेव्हा नोकरीच्या चौथ्या वर्षात होते. त्यांच्या बादलीपर्यंत यातले काही पोहोचले नाही.

ब्रिटनने आपल्या नाविकांचे काय केले हे पाहण्यासारखे आहे, कारण आपली कायद्याची चौकट तिथूनच आली आणि जहाजेही. तेथील १९४७ च्या क्राउन प्रोसिडिंग्ज कायद्याने प्रजेला सरकारवर दावा लावण्याची मुभा दिली. मात्र त्याच्या दहाव्या कलमाने सैनिकांना सेवेतील इजेबद्दल दावा करण्यापासून रोखले. हे कलम १९८७ मध्ये उठले, पण पूर्वलक्षी प्रभावाने नव्हे. १९५५ ते १९६८ या काळात ब्रिटिश नौदलात असलेल्या एका विद्युत तंत्रज्ञाने त्याला आव्हान दिले, आणि २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. म्हणजे त्याच जहाजावर गोदीतून आलेला कामगार दावा करू शकत होता आणि त्याच्या शेजारी उभा असलेला नाविक करू शकत नव्हता.

पुढे २०१४ च्या कायद्याने, मालक वा विमा कंपनी सापडत नसलेल्या नागरी रुग्णांना एकरकमी भरपाई मिळू लागली, तेव्हा ही विषमता अधिकच उघडी पडली. रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने हिशेब मांडला की नागरी रुग्णाला १,८०,००० पौंड मिळू शकतील तेथे अविवाहित माजी नाविकाच्या हाती ३१,००० पौंडच पडतील. कारण त्याला मिळते ते साप्ताहिक निवृत्तिवेतन, आणि या रोगात आठवडेच फार उरत नाहीत. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये तेथील संरक्षण मंत्रालयाने मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना १,४०,००० पौंडांच्या एकरकमी भरपाईचा पर्याय दिला. तो आधी केवळ नव्या रुग्णांसाठी होता. टीका झाल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये जुन्या रुग्णांनाही लागू केला. तेथेही एवढ्यावर यायला सत्तर वर्षे गेली.

आता एक तारखांचा योगायोग सांगतो. दहावे कलम उठविणाऱ्या कायद्याला १५ मे १९८७ रोजी राजमान्यता मिळाली. त्याच्या तीनच दिवस आधी, १२ मे १९८७ रोजी, ब्रिटिश नौदलाची जुनी ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका ‘विराट’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. तिची बांधणी १९४४ मध्ये सुरू झालेली. ब्रिटिश ताफ्यात ती १९५९ मध्ये आली आणि आपल्याकडे मार्च २०१७ पर्यंत राहिली. १९६५ मध्ये तिच्या बॉयलरपाशी उभा राहिलेला पोर्ट्समथचा स्टोकर आज मेसोथेलिओमाने आजारी पडला तर एक अर्ज भरून ठरलेली रक्कम मागू शकतो. १९८८ मध्ये त्याच बॉयलरपाशी उभ्या राहिलेल्या आपल्या नाविकासाठी तसा अर्ज छापलेला नाही. जहाजाचा सौदा झाला तेव्हा सुटे भाग, दारूगोळा, प्रशिक्षण यांच्या याद्या निश्चितच झाल्या असतील.

अमेरिकेचे उदाहरण मात्र मी आदर्श म्हणून देणार नाही. १९५० च्या ‘फेरेस’ निकालामुळे तेथील सैनिकही सेवेतील इजेबद्दल सरकारवर दावा करू शकत नाहीत. म्हणून दावे गेले ते पंप, टर्बाइन आणि आवरणे बनविणाऱ्या कंपन्यांवर. २०१९ मध्येही तेथील सर्वोच्च न्यायालय दोन माजी नौसैनिकांच्या कुटुंबांच्या खटल्यात पंप बनविणाऱ्याने आत बसणाऱ्या ॲस्बेस्टॉसबद्दल सूचना द्यायला हवी होती का, याचा खल करीत होते. रँड या संशोधन संस्थेच्या २००५ च्या अहवालाप्रमाणे, २००२ अखेरपर्यंत अमेरिकेत ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांवर सुमारे ७० अब्ज डॉलर खर्च झाले आणि त्यांतील सुमारे ४२ टक्केच रुग्णांच्या हाती पडले. उरलेले वकील आणि न्यायालयीन खर्च. ज्या व्यवस्थेत रुपयातले अठ्ठावन्न पैसे वाटपावरच जातात ती व्यवस्था कोणी आणू पाहील तर मी पहिला विरोध करीन.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. कायदे आहेत, चांगले आहेत. पण युद्धनौका समोर आली की प्रत्येक कायदा आदबीने बाजूला सरतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा यांची नोंद होती, पण सशस्त्र दलांतील व्यक्ती त्याच्या व्याख्येबाहेर होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या बाहेरच आहेत. जहाजांवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसविण्यावर सोलास या आंतरराष्ट्रीय कराराने २०११ पासून पूर्ण बंदी घातली. तो करार युद्धनौकांना लागू नाही. जहाजे मोडण्याविषयीचा हाँगकाँग करार जून २०२५ मध्ये अंमलात आला, आपला त्यासंबंधीचा कायदा २०१९ चा. दोन्हींत युद्धनौका वगळलेल्या. संरक्षणाच्या गुप्ततेसाठी अपवाद लागतात हे मला मान्य आहे. नळीवरील लेपात कोणते गुपित होते हे मला समजलेले नाही.

सार्वजनिक चर्चेचेही तसेच. फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ३१ डिसेंबर २००५ रोजी तूलोंहून अलंगला यायला निघाली तेव्हा केवढा गदारोळ झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला प्रवेश रोखून धरला, फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी तिला परत बोलावले, आणि शेवटी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला मोडली गेली. वाद योग्यच होता. अलंगच्या मजुराच्या छातीचा प्रश्न होता. पण ज्या जहाजात काही टन ॲस्बेस्टॉस आहे म्हणून ते मोडायलाही धोक्याचे, त्या जातीच्या जहाजांत माणसे वर्षानुवर्षे जेवली-झोपली होती, हे त्या दिवसांत कोणी बोलल्याचे मला स्मरत नाही. आपली पहिली ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मुंबईत मोडली गेली. तिच्या पोलादाचा अंश वापरून बजाजने २०१६ मध्ये मोटारसायकल काढली, जाहिराती झाल्या. पोलादाचा माग लागला. तिच्या बॉयलररूममध्ये १९६१ ते १९९७ या काळात कोण कोण होते आणि त्यांच्या फुप्फुसांचे पुढे काय झाले, याची एकत्रित यादी मी कधी पाहिलेली नाही.

आपल्या नौदलाला या धोक्याची जाणीव नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ‘विक्रमादित्य’च्या वेळची हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. रशियात २०१२ मध्ये तिच्या सागरी चाचण्या चालू असताना आठांपैकी सात बॉयलर निकामी झाले. जहाज बांधणाऱ्या रशियन पक्षाने तेव्हा जाहीरपणे सांगितले की, खलाशांच्या आरोग्यासाठी भारताने ॲस्बेस्टॉसच्या आवरणाला नकार दिला, म्हणून अग्निरोधक विटा वापराव्या लागल्या आणि त्या उष्णता सोसू शकल्या नाहीत. तांत्रिक दोष नेमका कोणाचा, यात मी पडत नाही. पण जहाज त्या वर्षअखेर मिळायचे होते ते नोव्हेंबर २०१३ मध्ये ताफ्यात आले. आणि भारताने तो नकार दिला यात मला अभिमान वाटतो. फक्त एवढेच विचारावेसे वाटते की, पुढच्या खलाशाच्या फुप्फुसासाठी ही तसदी आपण पत्करतो, तर मागच्या खलाशाच्या फाइलवर ‘नोंद आढळत नाही’ हे वाक्य कसे लिहू शकतो? नकार देताना धोका मान्य केला होता ना?

यावर माझ्या एका सहकाऱ्याने घेतलेले आक्षेप प्रामाणिक आहेत, म्हणून नोंदवितो. पहिला असा की माजी नाविकाला निवृत्तिवेतन आहे, २००३ पासून ईसीएचएसमधून उपचार आहेत. अलंगच्या किंवा सिमेंट-पत्र्याच्या कारखान्यातील कंत्राटी मजुराला यातले काय आहे? हा आक्षेप मला बोचला, कारण तो खरा आहे. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आपण आजही करतो आणि त्या मजुराची पाळी वीस-तीस वर्षांनी येणार आहे. पण एकाची उपेक्षा ही दुसऱ्याच्या उपेक्षेची सबब होऊ शकत नाही. शिवाय पैशाचा फरक लहान नाही. मृत्यू सेवेशी निगडित ठरला तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचा दर अखेरच्या वेतनाच्या ६० टक्के आहे, साध्याचा ३० टक्के. निवृत्तीनंतरच्या मृत्यूला आणखी अटी आहेत हे मला ठाऊक आहे; पण त्या दारापर्यंत पोहोचायलाच ‘सेवेशी निगडित’ हा शिक्का लागतो.

दुसरा आक्षेप तंबाखूचा. नाविक विड्या-सिगारेटी ओढतात, मग दोष कोणाला द्यायचा? फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत हा प्रश्न खरोखर अवघड आहे. १९७९ च्या अमेरिकेतील प्रसिद्ध अभ्यासात ॲस्बेस्टॉसमुळे धोका सुमारे पाच पट, धूम्रपानामुळे सुमारे अकरा पट आणि दोन्हींमुळे पन्नास पटींहून अधिक निघाला. तेथे वाटणी करणे न्यायाधीशालाही जमणार नाही. मेसोथेलिओमाचे तसे नाही. धूम्रपानाशी त्याचा संबंध नाही, आणि एरवी तो इतका विरळा आहे की ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्या माणसाला तो झाला तर दुसरे कारण शोधण्यात अर्थ उरत नाही. माझे म्हणणे म्हणूनच फार मोठे नाही. सुरुवात मेसोथेलिओमापासून करावी.

अर्थशास्त्रात आम्हांला शिकविले होते की, माहिती ज्याच्याकडे स्वस्तात उपलब्ध आहे, पुराव्याचा भार त्याच्यावर टाकावा. कोणत्या नौकेत कोणते आवरण होते, ते कधी बदलले, त्या काळात इंजिनरूममध्ये कोणाची नेमणूक होती, हे सारे कागद सरकारच्या ताब्यात. बाग राखणाऱ्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने ते आणावेत अशी अपेक्षा करणे म्हणजे ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला कुलूप उघडायला सांगणे. आपले सर्वोच्च न्यायालय हेच तत्त्व दोनदा सांगून बसले आहे. १९९५ च्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या खटल्यात ॲस्बेस्टॉस उद्योगांनी कामगारांचे आरोग्य-अभिलेख नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतरचे असेल तोवर जपावेत असा आदेश दिला. २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले की, भरतीच्या वेळी सैनिकाच्या प्रकृतीत दोषाची नोंद नसेल तर तो निरोगी होता असे धरावे, आणि सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. पहिला आदेश कारखान्यांसाठी, दुसरा सेवेत असतानाच अपंग ठरलेल्यांसाठी. तात्या या दोहोंच्या मधल्या फटीत सापडले.

करायचे काय? नौदलातून निवृत्त झालेल्या वाफेवरच्या प्रत्येक नौकेची आणि तेथील इंजिन, बॉयलर व विद्युत शाखांतील नेमणुकांची एक सूची करावी. हे काम एका संचालनालयाला, चार निवृत्त वरिष्ठ खलाशांच्या साहाय्याने, वर्षभरात जमण्यासारखे आहे. मी याहून कठीण सूच्या होताना पाहिल्या आहेत. त्या सूचीतील माणसाला मेसोथेलिओमा झाल्यास तो सेवेशी निगडित असल्याचे गृहीत धरावे, आणि निवृत्तीनंतर किती वर्षांनी झाला याची मर्यादा ठेवू नये. रोगच वीस ते पन्नास वर्षांनी उगवतो तेथे लहान मुदतीला अर्थ नाही. ईसीएचएसच्या दवाखान्यात खोकत आलेल्या माजी नाविकाला ‘कोणत्या जहाजावर होता, कोणत्या शाखेत?’ एवढे विचारून उत्तर लिहून ठेवावे. गोदीतील मुलकी कामगारांनाही हेच लागू करावे. वित्त विभागाची शंका मला आताच ऐकू येते आहे. मेसोथेलिओमाच्या रुग्णांची संख्या मुळात थोडी, आणि वाफेच्या जहाजांवरची ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. उशीर करून जी बचत होईल ती कशी होईल, हे टिपणीत लिहिण्याचे धैर्य कोणी करू नये.

काकूंच्या वतीने अपील दाखल झाले आहे. मसुदा मीच करून दिला. सोबत सेवामुक्तीचे प्रमाणपत्र, रुग्णालयाचा तपासणी अहवाल आणि एक छायाचित्र जोडले आहे. बॉयलरसमोर चार तरुण उभे आहेत, उघड्या अंगाने, हात कोपरापर्यंत पांढरे. मागे तात्यांच्या अक्षरात १९६९ असे साल आणि तिघा सोबत्यांची नावे आहेत. त्यांपैकी एकाचा पत्ता विजयदुर्गजवळ लागला, त्यांनी शपथपत्र द्यायचे कबूल केले आहे. मागील महिन्यात काकूंनी फोन करून विचारले की, कार्यालयाने छायाचित्राची मूळ प्रत मागितली आहे, पाठवू का? मी म्हटले, साक्षांकित झेरॉक्स पाठवा, मूळ तुमच्याकडेच असू द्या.